युफीमिया डेलापेना नावाची कोणी बाई इथे नाही

मिस पिनीच्या तोंडात तीळ भिजत नसे. हे तिच्या वैऱ्यांचं मत नव्हतं, तिचं स्वतःचंच होतं. "मला सांगू नका गं," ती आधीच बजावायची, "माझ्या पोटात काही राहत नाही." आणि मग कान पुढे करायची.

बाई शिंपीण. लोअर पिमेंटोच्या वळणावर तिचं दोन खोल्यांचं घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात पायाचं मशीन, आणि मशीनमागे ती स्वतः, ठेंगणी, गोल, तोंडात आठ-दहा टाचण्या धरून बसलेली. त्या टाचण्यांवरूनच तिचं नाव पिनी पडलं होतं. दुसरी कुठलीही शिंपीण तोंडात टाचण्या असल्या की गप्प बसते. ही कसली बसतेय! टाचण्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सरकवायची आणि उजव्या कोपऱ्याने बोलत राहायची. तीस वर्षांत एकही टाचणी गिळली नव्हती, आणि एकही बातमी.

पाद्रीबाबांनी ऐन उपासाच्या महिन्यात पँटची कंबर दोन इंच वाढवून घेतली, ते संध्याकाळपर्यंत सगळ्या डोंगराला कळलं. मर्लच्या लग्नाचा झगा महिन्याभरात दोनदा पोटावर उसवावा लागला, तेही कळलं, आणि बायका बोटांवर महिने मोजत बसल्या. मिस पिनीच्या मनात पाप नव्हतं हो. कळलेली गोष्ट न सांगणं म्हणजे तिला ताटातलं अन्न टाकल्यासारखं वाटायचं, बस्स.

आता एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी. जमैकाच्या आमच्या या डोंगरात माणसाला खरं नाव आयुष्यात तीनदाच लागतं: बाप्तिस्म्याला, पासपोर्टाला आणि अंत्यविधीच्या छापील पत्रिकेवर. मधला सगळा काळ माणूस हाक मारायच्या नावावर काढतो. दुकानदार मास बोगीचं खरं नाव त्याच्या बायकोला थेट लग्नाच्या वेदीपाशी कळलं. पाद्रीबाबांनी ते वाचलं तेव्हा ती दचकली आणि शेजारी नवरा तोच आहे ना, ते वाकून बघायला लागली.

मिस पिनीचं खरं नाव होतं युफीमिया अँटॉनेट डेलापेना. ते तिला मुळीच आवडत नसे. आईवडील गेल्यावर ते नाव जगात एकाच ठिकाणी उरलं होतं: तिच्या मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर. लाल पुठ्ठ्याची ती जाडजूड वही तिला सोळाव्या वर्षी शिवणवर्गात पहिला नंबर आल्याबद्दल बक्षीस मिळाली होती, आणि बाईंनी तिच्यावर वळणदार अक्षरात पूर्ण नाव घातलं होतं. पुढे त्या वहीत अख्ख्या लोअर पिमेंटोच्या पोरांची मापं चढली. कोण किती वाढला, कोणाची कंबर सुटली, सगळं तारीखवार.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. शाळा उघडायला तीन आठवडे, व्हरांड्यात खाकी आणि निळ्या कापडाचे ढीग. तेवढ्यात व्हरलीन भाचीला घेऊन आली.

भाचीचं नाव किझी, वय आठ. तिची आई टोरांटोत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेलेली. दर चार महिन्यांनी ती लेकीसाठी मोठं पिंप भरून पाठवायची: तांदूळ, मासळीचे डबे, बूट, साबण. पिंप यायचं, उघडलं जायचं, आणि शनिवारी बाजारात व्हरलीनच्या पाटीत विकायला बसायचं. किझीच्या पायात मात्र तिच्याच कोण्या मावसभावाच्या फाटक्या चपला.

"नवा झगा नको," व्हरलीन म्हणाली. "गेल्या वर्षीचाच खाली सोडून द्या, मिस पिनी. नाहीतरी चिखलातच लोळते ही."

"अगं, खाली सोडायला पण माप लागतंच की," मिस पिनी म्हणाली आणि तिने गळ्यातली टेप ओढली. टेप हवेत सटकन वाजली.

किझी दोन्ही हात डोक्यावर घेऊन मटकन खाली बसली.

"नखरे बघा कार्टीचे!" व्हरलीन हसली. तेवढ्यात रस्त्यावर मासेवाल्याने भोंगा वाजवला आणि ती भाव करायला पळाली.

मिस पिनीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. टेपही बाजूला ठेवली. आधी बन आणि चीजचा एक मोठा तुकडा किझीच्या हातात दिला, मापाची वही मांडीवर दिली, म्हणाली, "ही धर हं माझी. फार किमती आहे." पोरगी एका हाताने खात होती, दुसऱ्या हाताने पानं उलटत होती, ओठ हलवत अक्षर लावत होती. मग मिस पिनीने टेप हळूच, तिला दिसेल अशी, आणली आणि मोजलं.

उंची तीन इंच वाढलेली. कंबर गेल्या वर्षी बावीस, यंदा वीस.

तिने पुन्हा मोजलं. टेप जुनी होऊन ताणली असेल म्हणून स्वतःची कंबर मोजून पाहिली. तिथे काही कमी झालेलं नव्हतं, उलटच. मग पोरीचा सदरा मागून जरा वर केला आणि लगेच खाली सोडला. जुन्या वळांवर नवे वळ होते.

आता धपाटा आमच्याकडे कोणाला नवा नाही. मिस पिनीने स्वतः आईची चप्पल पोटभर खाल्ली होती आणि त्याच्या गमती ती हसत सांगायची. पण हे ते नव्हतं.

"कशाने लागलं गं, बाळा?"

"पडले."

"कुठे पडलीस?"

किझीने रस्त्याकडे बघितलं. "रोज वेगळीकडे," ती म्हणाली.

दुसरी कुठलीही बातमी असती तर अंधार पडायच्या आत ती सार्वजनिक नळावर पोचली असती. पण या वेळी मिस पिनी जागची हलली नाही, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या एका पोराबद्दल अशीच कुजबुज झाली होती. ती त्या पोराच्या काकाच्या कानावर गेली, आणि शनिवारच्या आत पोराला कुठेतरी लांब धाडून दिलं गेलं. कुठे, ते आजवर कोणाला कळलेलं नाही. ती कुजबुज सुटली होती मिस पिनीच्याच व्हरांड्यावरून. हे तिने कोणालाही कधी सांगितलं नव्हतं. पोटात राहिलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती रोज टोचायची.

रेडिओवर मुलांच्या छळाची खबर द्यायचा एक नंबर सांगत असत. तिने तो मापाच्या वहीत मागे लिहून ठेवला होता, उगाच. तो घेऊन ती फोनसकट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली. घरातून बोलावं तर शेजारीण ऐकणार. स्वतः मिस पिनी शेजारणीचे फोन असेच ऐकायची.

शहरातल्या बालसंरक्षण ऑफिसातून एक वयस्क बाई बोलल्या. मिसेस हेरॉन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मागे कोण आहे तुमच्या?" मधेच त्यांनी विचारलं.

"कोंबड्या आहेत. त्या नाही सांगायच्या कुणाला."

"बरं. आता तुमचं नाव?"

"खरं?"

"खरं."

मिस पिनीला क्षणभर आठवावंच लागलं. मग घसा साफ करून तिने ते पुरतं सांगितलं, अँटॉनेटसकट. ते आपल्याच तोंडून ऐकून तिला शाळेत उभं केल्यासारखं झालं.

"हे बघा, मिस डेलापेना," मिसेस हेरॉन म्हणाल्या, "संशय आला तर कळवणं हे कायद्याने तुमचं कामच आहे, आणि तुम्ही ते केलंत. तुमचं नाव आमच्याकडून कोणालाही कळणार नाही. सद्हेतूने सांगणाऱ्याला कोणी कोर्टात खेचू शकत नाही, उद्या संशय खोटा निघाला तरी. फक्त आम्ही येईपर्यंत कुठे बोलू नका. मावशीला सुगावा लागला तर ती पोरीला हलवेल."

"ते मला माहीत आहे," मिस पिनी म्हणाली. "कधी येणार तुम्ही?"

"गुरुवारी आमचा माणूस येईल."

"गुरुवारी? बाई, आज सोमवार आहे!"

"हो."

"अहो, तुम्ही मला ओळखत नाही! तीन दिवस गप्प?" मिस पिनी रडवेली झाली. एक कोंबडी फडफडत तिच्या डोक्यावर येऊन बसली आणि फोन कट झाला.

तर असे हे हाल. कायद्याने तिचं नाव साऱ्या जगापासून लपवलं होतं, पण मिस पिनीपासून मिस पिनीला वाचवायची सोय कुठल्या कायद्यात असते? तिने मग स्वतःच उपाय काढला. टाचण्या. दोन्ही कोपऱ्यांत भरल्या, डावीकडे दहा, उजवीकडे दहा. आता कोपराच उरला नाही, तर बोलायचं कुठून!

मंगळवारी बायका कापडं घेऊन आल्या तर ही नुसती मान हलवतेय. "काय गं पिनी, दात काढलेस?" मान आडवी. "नवस आहे?" मान आडवी. "वारं गेलं की काय अंगावरून?" बुधवारी सकाळी तीन बायका पुदिन्याचा चहा घेऊन आल्या, दुपारी चौथीने कडूजहर काढा आणला, आणि संध्याकाळी खुद्द पाद्रीबाबा प्रार्थना करायला आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून देवाकडे तिची वाचा परत मागितली. खरं तर पँटच्या प्रकरणापासून त्यांचं तिच्याशी फारसं बरं नव्हतं, त्यामुळे प्रार्थना जरा तोकडीच झाली.

गुरुवार उजाडला. मिस पिनी मास बोगीच्या दुकानात दोरा घ्यायला गेली. आत दोघं डॉमिनो खेळत होते, मास बोगी काउंटरवर पेंगत होता, आणि किझी तेलाची बाटली घेऊन उभी होती. मावशीने धाडलं होतं. तेवढ्यात दारात एक टाय लावलेला पोरगेला साहेब आला. तेवीसेक वर्षांचा, चकचकीत बूट, बगलेत सरकारी फाइल. नोकरीचा पहिला आठवडा असावा, आणि डोंगरात वाट चुकलेला. त्याने खिशातून कागद काढला आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"युफीमिया अँटॉनेट डेलापेना कुठे राहतात?"

बघा! कायद्याने ज्या नावाला कुलूप घातलं, ते या शहाण्याने भर दुकानात उघडून ठेवलं. मिस पिनीच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली दोऱ्याची रिळं टपटप खाली पडली.

फाइलवाल्या माणसाला खऱ्या माणसाचा खरा पत्ता लोअर पिमेंटोत आजवर कोणी दिलेला नाही. या वेळी मात्र लोकांना खोटं बोलायचीही गरज पडली नाही.

"कोण, युफीमिया?" मास बोगीने डोळे चोळले. "अशी बाई आमच्याकडे नाही हो, साहेब."

"कधीच नव्हती," डॉमिनोवाला म्हणाला.

"असली तर मेली असेल," दुसरा म्हणाला आणि सोंगटी आपटली.

मिस पिनीला दरदरून घाम फुटला. 'मीच' म्हणावं तर तासाभरात व्हरलीनला कळणार. न म्हणावं तर हा बाबा परत जाणार. त्याला बाहेर गाठून हळूच सांगावं म्हणून तिने पाऊल उचललं, तर किझीच आधी पुढे झाली आणि तिने साहेबाची बाही ओढली.

"मला माहितीय ती बाई," ती म्हणाली. "पार खाली राहते. नदीपलीकडे, बाप्टिस्ट चर्चच्या मागे."

"शाब्बास!" साहेब खूश झाला आणि तरातरा उतरायला लागला. चर्चच्या मागे कबरस्तान होतं, आणि तिथवर तीन मैलांचा उतार.

मिस पिनीचं तोंड उघडंच राहिलं. ही पोरगी खोटं बोलली? कशाला? पोरखेळ असेल, दुसरं काय! ती धावत खुराड्यात शिरली आणि फोनवर मिसेस हेरॉनना म्हणाली, "तुमचा माणूस कबरस्तानात गेलाय. जिवंत परत आला तर त्याला सांगा, उद्या पँट शिवायला या. शिवायला! कळलं का?"

मिसेस हेरॉननी त्याला काय सुनावलं असेल ते असो. शुक्रवारी मिस्टर पेनंट, हेच त्याचं नाव, बिनाफाइलचा, बिनाटायचा आणि पायांना फोड आलेला असा मिस पिनीच्या व्हरांड्यात हजर झाला. पिंढरीपाशी पँट फाटलेली. कबरस्तानात बोकड होता.

"मी... पँट," तो म्हणाला.

"हात वर करा," मिस पिनी म्हणाली. तिने टाचण्या थुंकल्या आणि मोजता मोजता जबानी दिली. चार दिवसांचं तुंबलेलं होतं, नुसतं भडाभडा आलं. "सोमवारी आणली पोरीला. कंबर बावीसची वीस. तुमची एकतीस, जेवत नाही का? पाठीवर वळ, मी डोळ्यांनी पाहिले. तंगडी लांब करा. 'रोज वेगळीकडे पडते' म्हणाली, हेच शब्द, लिहा."

मिस्टर पेनंट तळहातावर लिहीत होता. आणि नेमकी तेव्हाच व्हरलीन पायऱ्या चढून आली, झगा झाला का विचारायला.

"हा कोण?"

"गिऱ्हाईक," मिस पिनी म्हणाली. आवाज चिरका निघाला. "चार पँटा शिवायच्यात साहेबांना."

"चार?" मिस्टर पेनंट म्हणाला.

"चार! खाकी. चापून." तिने टाचणी अशी काही लावली की साहेब कोकलला. "व्हरलीन, तुझा झगा सोमवारी. जा आता, साहेब लाजतात."

व्हरलीनने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, नाक मुरडलं आणि गेली. मिस पिनीचा जीव भांड्यात पडला. पँटा मात्र तिने खरंच चारही शिवल्या आणि मिस्टर पेनंटला त्या न्याव्याच लागल्या.

शनिवारी सकाळी व्हरलीन बाजाराला निघायच्या आत मिसेस हेरॉन नर्सला घेऊन दारात उभ्या राहिल्या. किझीला आधी डॉक्टरकडे नेलं. मग कोर्टाने तिला वडिलांच्या आईकडे द्यायचं ठरवलं. ग्रॅनी आयव्हा, दोन टेकड्या पलीकडे रोझ हिलला राहणारी. त्या बिचारीला नातीच्या हालाची काहीच कल्पना नव्हती. दर पत्राला व्हरलीनचं एकच उत्तर यायचं: पोरगी मजेत आहे.

आणि मग व्हरलीनच्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात नाव विचारणारा म्हणून लोकांनी सांगितलेला तो टायवाला, आणि मिसेस हेरॉनबरोबर गाडीत बसलेला तो खाकी पँटवाला, एकच! म्हणजे ती युफीमिया डेलापेना हीच चुगलखोर! पँटा शिवणाऱ्या मिस पिनीचा तर तिला संशयही आला नाही; जिच्या पोटात बातमी तासभर राहत नाही, ती इतके दिवस गप्प कशी बसेल?

आता चुगलखोर हा शब्द आमच्याकडे आईवरून दिलेल्या शिवीच्या वर. व्हरलीन तो शब्द ओरडत घरोघर फिरली आणि शेवटी कोणाकडे यावं तिने? जिला डोंगरातली सगळी खबर असते तिच्याकडे.

"मिस पिनी, तुम्हीच शोधून काढा ही सटवी! तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

मिस पिनीने मशीनवरचा हात काढला. क्षणभर ती घाबरली. दुसऱ्या क्षणी तिच्या जिभेला आठवड्याभराने असा काही हुरूप आला की विचारू नका.

"युफीमिया ना?" ती म्हणाली. "अगं, मी पाहिलीय तिला."

"काय सांगता!"

"उंच. शिडशिडीत. मान हीऽऽ एवढी लांब. दिसायला म्हणशील तर..." मिस पिनीने डोळे मिटले. "अशी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. किंग्स्टनकडची असावी. पिवळी टोपी होती."

बस्स! तोंडाचा बांध फुटला तो असा. बोलायचं नाही ती एक गोष्ट सोडून मिस पिनी युफीमियाबद्दल वाटेल ते, वाटेल तितकं बोलत सुटली, आणि लोक तर तिच्याही पुढे गेले. मास बोगीने शपथेवर सांगितलं की त्या बाईने त्याच्याकडून सार्डिनचे दोन डबे नेले, आणि "काय चाल होती महाराजा!" डॉमिनोवाल्याला ती टॅक्सीत दिसली. पाद्रीबाबांना ती मागच्या बाकावर बसलेली आठवली आणि आवाज गोड होता असंही आठवलं. मिस पिनी घरी आरशासमोर उभी राहून स्वतःची मान जरा लांब करून बघायची.

व्हरलीन शहरात वकिलाकडेही गेली. वकील म्हणाला, "नाव तुम्हाला मिळायचं नाही. आणि मिळालं तरी त्या बाईचं तुम्ही काही वाकडं करू शकत नाही. त्यापेक्षा स्वतःचं बघा, तुमच्यावर खटला उभा राहतोय." तो राहिलाच, आणि त्यात व्हरलीनला शिक्षा झाली. परत आल्यावर तिचा तोरा उतरला होता, तरी पिवळी टोपी दिसली की ती मान वळवून बघायचीच.

वर्ष सरलं. पुन्हा ऑगस्ट. एके दिवशी दोन टॅक्स्या बदलून ग्रॅनी आयव्हा नातीला घेऊन व्हरांड्यात आली. "रोझ हिलला शिंपी काय मेलेत?" ती धापा टाकत म्हणाली. "पण ही ऐकायला तयार नाही. मिस पिनीकडेच माप द्यायचं म्हणे." आणि ती पाणी प्यायला आत गेली.

मिस पिनीने टेप हळूच गळ्यातून काढली, पोरीला दिसेल अशी. किझी हसली. "ओढा हो जोरात," ती म्हणाली. "मी आता भीत नाही."

कंबर चोवीस.

मिस पिनीने आकडा लिहिला आणि तिच्या जिभेला कंड सुटली. सांगून टाकावं? या एकट्या पोरीला? तिचा तर हक्कच आहे. "किझी," ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे का गं, ती युफीमिया..."

"तुम्हीच," किझी म्हणाली. "वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. बन खाताना वाचलं मी."

मिस पिनी धपकन स्टुलावर बसली. "म्हणजे त्या दिवशी दुकानात तुला माहीत होतं?"

"हो."

"मग गं कार्टे, त्याला कबरस्तानात का पाठवलंस? तुझ्यासाठीच आला होता तो!"

"ते मला कुठे ठाऊक होतं?" किझी म्हणाली. "फाइल होती त्याच्याकडे. मला वाटलं, तुम्हाला धरून न्यायला आलाय. तुम्ही किती घाबरला होतात! रिळं पाडलीत." तिने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही मला बन दिला होता ना."

मिस पिनीच्या तोंडात त्या वेळी एकही टाचणी नव्हती. तरी तिला बोलता येईना. तिने पोरीला जवळ ओढलं आणि टेपसकट मिठी मारली, आणि ढसाढसा रडली.

"कोणाला सांगितलंस?" शेवटी तिने नाक पुसत विचारलं.

"कोणालाच नाही. तुम्ही?"

"मी पण नाही," मिस पिनी म्हणाली, आणि आपण हे काय बोललो त्याचं तिला स्वतःलाच इतकं आश्चर्य वाटलं की ग्रॅनी आयव्हा बाहेर आली तेव्हा दोघी खो खो हसत होत्या.

पुढे अठरा वर्षं मिस पिनीने पाद्र्यांच्या कमरा, नवऱ्यामुलींची पोटं, सगळं मनसोक्त सांगितलं. हे एक सांगितलं नाही. व्हरलीन नंतर भावाकडे परदेशी निघून गेली, तरीही नाही. किझी दर ऑगस्टला यायची. शाळा संपली तशी नर्सिंगच्या गणवेशाचं माप द्यायला यायला लागली.

गेल्या वर्षी मिस पिनी गेली. बसल्या बसल्या, मशीनवर, अर्ध्या वाक्यात. अंत्यविधीची पत्रिका किझीने छापून आणली. चर्च खचाखच भरलेलं. लोकांनी पत्रिका उघडल्या आणि एकच गलका झाला. निम्मे लोक चुकीच्या अंत्यविधीला आलो म्हणून उठून उभे राहिले. पत्रिकेवर ठसठशीत छापलं होतं: युफीमिया अँटॉनेट डेलापेना. खाली बारीक अक्षरात, उर्फ मिस पिनी.

किझी नर्सच्या पांढऱ्या गणवेशात पुढे उभी राहिली, लाल वही उघडली, आणि तिने सगळं सांगितलं. कंबर बावीसची वीस कशी झाली, खुराडं, टाचण्या, बोकड, सगळं. बायका रडत होत्या आणि मधेच हसत होत्या. डॉमिनोवाला खाली मान घालून बसला होता.

पुढच्या बाकावर मास बोगी होता. नव्वदीला टेकलेला, कानाने बहिरा. त्याने पत्रिका डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, मग शवपेटीतल्या त्या ठेंगण्या, गोल मिस पिनीकडे पाहिलं आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पण ही कशी असेल? ती तर उंच होती! मी स्वतः सार्डिन दिलेत तिला!"

"उंच टाचांचे बूट होते, मास बोगी," किझी त्याच्या कानाशी वाकून ओरडली.

"हां, मग बरोबर," तो म्हणाला, आणि त्याने टोपी काढली.